मागे पडलेला आवाज

अर्जुनी मोरगावच्या तहसील कचेरीसमोर, झेरॉक्सच्या दुकानाला लागून असलेल्या पत्र्याच्या टपरीत केवळराम शहारे लोकांचे अर्ज टाइप करून द्यायचा. रेशन कार्डात नाव चढवायचं, सातबाऱ्यावरची चूक दुरुस्त करून घ्यायची, निराधारची पेन्शन मागायची, कालव्याचं पाणी धानाच्या शेवटच्या बांधीपर्यंत पोचत नाही म्हणून तक्रार करायची, असं काहीही काम असो. माणूस बाकावर बसून आपलं सांगायचा आणि केवळराम ऐकता ऐकता टाइप करत जायचा. नवीन माणसाला पाच-सात मिनिटांनी ध्यानात यायचं, की हा गडी लॅपटॉपच्या पडद्याकडे पाहतच नाही.

पाचव्या वर्षी गोवर निघाला, ताप डोळ्यांत उतरला आणि केवळरामची दृष्टी गेली. त्याचं गाव इटियाडोह धरणाच्या कालव्यावर. बाप शेतमजूर, पण हट्टी. चार वर्षं विचारपूस करून त्यानं पोराला नागपूरच्या अंधशाळेत नेऊन घातलं. तिथून केवळराम ब्रेल शिकून आला आणि खुर्च्यांना वेत विणायची कला घेऊन आला. अर्जुनीत वेताच्या खुर्च्या होत्याच किती? सहा महिन्यांत त्या सगळ्या विणून संपल्या.

मग १९९९ साली अपंगांच्या कोट्यातून त्याला बस स्टँडजवळ एसटीडीचा बूथ मिळाला, आणि त्याचे चांगले दिवस सुरू झाले. भिलाईला कारखान्यात, पुण्याला बांधकामावर, नागपूरला हॉटेलात गेलेल्या पोरांचे नंबर त्याला तोंडपाठ होते. बाई दारात आली आणि नुसती खाकरली तरी तो तिच्या लेकाचा नंबर फिरवायला घ्यायचा. चारेकशे नंबर त्याच्या डोक्यात होते. बायको अल्का मशीनमधून निघालेली पावती वाचून पैसे घ्यायची. बूथवरच त्यांचा मुलगा अश्विन रांगायला शिकला. पुढे हातोहाती मोबाइल आले, आणि २००९ च्या उन्हाळ्यात असा एक दिवस उजाडला की सकाळपासून सांजेपर्यंत एकही माणूस फोन करायला आला नाही. दुसऱ्या आठवड्यात त्यानं बूथला कुलूप लावलं.

तो घरी बसून राहिला नाही. नागपूरच्या जुन्या शाळेत बोलत्या कॉम्प्युटरचा एक महिन्याचा वर्ग निघाल्याचं कळलं, तसा पिशवी घेऊन गेला. बोट ज्या अक्षरावर पडेल ते अक्षर कॉम्प्युटर बोलून दाखवतो. शब्द झाला की शब्द बोलतो, ओळ झाली की ओळ. आवाज बाईचा, आणि मराठी बोलताना जरा हिंदीकडे झुकणारा. केवळरामनं तो आवाज इतका भरधाव करून घेतला होता, की शेजारी बसलेल्या माणसाला नुसती किरकिर ऐकू यावी. एका कानात इअरफोन आणि दुसरा कान समोरच्या माणसाकडे, अशी त्याची बैठक असायची. सेकंडहँड लॅपटॉप आणि एक लहान प्रिंटर घेऊन २०११ साली तो कचेरीसमोर बसला. छापलेला कागद अल्का एकदा नजरेखालून घालायची. चूक निघणं विरळाच. कचेरीतले बाबू सांगायचे, केवळरामचा अर्ज पुन्हा वाचावा लागत नाही.

ही गोष्ट २०१५ च्या फेब्रुवारीतली आहे. त्या महिन्यात लॅपटॉपचं बिनसलं.

आधी एवढंच जाणवलं, की सकाळी मशीन उठायला फार वेळ लावते. मग आवाज मागे पडायला लागला. केवळराम 'महोदय' लिहून पुढच्या ओळीवर जायचा आणि आवाज अजून 'म' वरच असायचा. चार अक्षरं दाबून थांबायचं, आवाज यायची वाट पाहायची, मग पुढली चार. दिवसाला पंधरा अर्ज करणारा माणूस पाचावर आला. लोक बाकावरून उठून पलीकडच्या टायपिंगवाल्याकडे जायला लागले. त्यांच्या चपलांचा आवाज केवळरामला ऐकू यायचा.

अल्कानं चार दिवस मशीन बंद ठेवायला सांगितलं होतं. तिला स्वतःला उन्हाळी धानाच्या रोवण्याला जावं लागत होतं, कारण कालव्याला पाणी सुटलं होतं आणि बाया मिळत नव्हत्या. ती टपरीत नाही, मशीन अशी, तर कशाला बसायचं, असं तिचं म्हणणं. केवळराम बसला.

त्याच आठवड्यात तालुक्यातल्याच प्रतापगडाकडच्या एका खेड्यातून रुक्माबाई आली. सत्तरीची बाई, एकटी. नवरा बिसराम दोन वर्षांपूर्वी वारला होता. तिला निराधारची पेन्शन हवी होती. केवळरामनं तिचं सगळं नीट ऐकून घेतलं, सावकाश टाइप केलं. मधल्या एका ओळीत एक अक्षर चुकलं म्हणून त्यानं खोडायचं बटण दाबलं. आवाज आला नाही. परत दाबलं. तरी नाही. दाबलंच गेलं नाही असं समजून त्यानं बटण जरा दाबून धरलं. मग आवाज आला तो सगळा एकदम, गोळा होऊन, आणि त्यातलं त्याला काही कळलं नाही. चुकलेलं अक्षर त्यानं पुन्हा भरलं, अंदाजानं पुढचं वाचून घेतलं आणि कागद छापला. रुक्माबाईला अक्षरओळख नव्हती. तिनं अंगठा उठवला आणि कागद नेऊन दिला.

आठ दिवसांनी ती परत आली. अर्ज कचेरीनं परत केला होता. शेरा होता, की पतीच्या उत्पन्नाचा दाखला जोडलेला नाही.

"बाबू, मेलेल्या मानसाचं उत्पन्न मी कुठून आनू?" रुक्माबाईनं विचारलं. ती रागावलेली नव्हती. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

अल्का त्या दिवशी टपरीत होती. तिनं कागद हातात घेऊन वाचला. मग नवऱ्याला हळूच म्हणाली, "अश्विनचे बाबा, बिसराम मेल्याची ओळच नाई याच्यात."

केवळरामच्या ध्यानात आलं. खोडायचं बटण दाबून धरलं तेव्हा ओळच्या ओळ गेली होती. त्याच्या हातून अर्जातून एका माणसाचं मरण गळालं होतं, आणि त्यापायी एका म्हातारीला एसटीचे दोन फेरे पडले होते. त्यानं रुक्माबाईला चूक आपलीच असल्याचं सरळ सांगितलं. पेन्शनच्या समितीची बैठक पुढच्या शुक्रवारी होती, त्याच्या आत नवा अर्ज पोचता करायचा त्यानं शब्द दिला. अल्का म्हणाली, मी हातानं लिहून देते. पण त्या वेळी कचेरीला टाइप केलेलाच नमुना हवा होता. आणि पलीकडच्या टायपिंगवाल्याकडून करून घ्यावा, एवढं केवळरामच्या मनाला पटेना. चूक जिथं झाली तिथंच ती दुरुस्त व्हावी असं त्याला वाटत होतं. तो हट्टही असेल, बापावर गेलेला.

दुपारीच तो लॅपटॉप पिशवीत घालून खुमेंद्र बिसेनच्या दुकानात गेला.

खुमेंद्र पस्तिशीचा, गोंदियात कॉम्प्युटर दुरुस्ती शिकून अर्जुनीत दुकान टाकलेला. हाताचा सच्चा आणि फसवायची नियत नसलेला. त्याच्या बोलण्यात गोंदियाची हिंदी भरपूर. त्यानं आधी व्हायरस धरला, सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकलं. काही फरक नाही. मग रॅम वाढवून पाहिली. मग मशीन खोलून पंख्यातली धूळ काढली, प्रोसेसरवरचा वाळलेला लेप खरवडून नवा लावला. कारण प्रोसेसर तापला की तो आपणहून हळू होतो. तरी तेच. शेवटी चौथ्या दिवशी, केवळराम समोर बसलेला असताना, त्यानं पडद्यावर प्रोसेसरचा वेग दाखवणारी खिडकी उघडली आणि तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिला.

"केवळभाऊ, दोन पॉइंट चारचा प्रोसेसर आहे," तो म्हणाला. "अन् चालून राहिला शून्य पॉइंट एकोणऐंशीवर. काहीबी करा, वर चढतच नाही. पावर सेटिंग फुल करून पाहिली, बायोस पाहिलं. चार्जरबी दुकानातलाच लावला होता, म्हणजे चार्जरचा दोष नाही. अब मदरबोर्डच गया समजो."

मदरबोर्ड म्हणजे जवळपास नवीन लॅपटॉप. केवळरामनं मान हलवली, मशीन पिशवीत घातली आणि घरी आला.

घरी तो लॅपटॉपसमोर बसून राहिला. अल्कानं त्याला जेवायला बोलावलं तर 'थांब' म्हणाला. मशीन चालू होती आणि त्यानं तिच्या पोटाखाली तळवा धरला होता. नागपूरच्या शाळेत एक गुरुजी सांगायचे, हाताला काही कळलं नाही तर हात तिथून काढू नका, थोडा वेळ तसाच राहू द्या. मशीनचं पोट थंडगार होतं. आणि पंखा फिरतच नव्हता. पूर्वी सकाळी मशीन उठताना, छापायला कागद सोडताना पंखा भुणभुणायचा. तो आवाज केवळरामच्या इतक्या सवयीचा होता, की तो बंद झाल्याचं त्याला आजवर जाणवलं नव्हतं. एखादं यंत्र थकलं असतं तर ते तापलं असतं, धापा टाकत असतं. ही मशीन तर नुसती हळू चालत होती, कोणीतरी हळू चाल म्हणून सांगितल्यासारखी.

दुसरी गोष्ट बॅटरीची. तिच्यावर तासभर तरी काम व्हायचं, लोडशेडिंगमध्ये तेवढ्यात दोन अर्ज निघायचे. तीही चार्ज व्हायची बंद झाली होती. जुनी झाली, मेली, असंच सगळ्यांनी धरलं होतं. पण ती मेली कधी? केवळरामनं दिवस मागे मोजत नेले. मशीन मंद झाली तो आठवडा आणि बॅटरी गेली तो आठवडा एकच होता. अजून नीट आठवून पाहिलं तर दिवसही एकच निघाला. त्या दिवशी नंदलाल नावाचा एक शेतकरी बाकावरून घाईनं उठला, त्याचा पाय चार्जरच्या वायरीत अडकला आणि लॅपटॉप टेबलावरून फरफटत कडेला आला होता. केवळरामनं तो वेळीच पकडला, सगळं ठीक आहे म्हणून नंदलालला वाटेलाही लावलं होतं.

"अल्का, दोन दुखनी एकाच दिवशी कशी येतीन?" तो म्हणाला. "दुखनं एकच आहे. ते वायरीत आहे."

"खुमेंद्रभाऊनं चार्जर बदलून पाहिला ना?"

 केवळरामनं चार्जरचं टोक काढून हातात घेतलं. चार वर्षं रोज सकाळी त्यानं ते टोक चाचपून भोकात बसवलं होतं. बाहेरून गोल नळी, आणि तिच्या मधोमध सुईसारखी बारीक काडी. ती टोचू नये म्हणून तो बोट नेहमी कडेनं धरायचा. आता त्यानं करंगळीचं नख नळीत घातलं. नख सरळ आत गेलं. मधली काडी नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच तो खुमेंद्रच्या पायरीवर जाऊन बसला. खुमेंद्रनं कुलूप काढलं, टोक पाहिलं, आणि म्हणाला की हो, पिन तुटलेली आहे. पण मशीन चालू होते म्हणजे करंट जातोच आहे, त्या पिनेनं काय बिघडतं? केवळरामनं त्याच्याकडे दुकानातला तो चार्जर मागितला, ज्यानं मशीन तपासली होती. वेगवेगळी टोकं बदलून कुठल्याही लॅपटॉपला चालणारा तो चार्जर होता. केवळरामनं त्याच्या टोकात नख घातलं. नख आत गेलं.

"खुमेंद्र, याच्यातबी सुई नाई."

खुमेंद्रनं टोक हातात घेऊन पाहिलं. मग त्याला एक एक आठवायला लागलं. मशीन चालू करताना पडद्यावर एक इंग्रजी सूचना येत होती, चार्जर ओळखता येत नाही म्हणून. डुप्लिकेट चार्जर लावला की या जातीच्या मशीनवर ती येतेच, म्हणून तो बटण दाबून पुढे जात होता. केवळरामच्या घरी त्याच्या स्वतःच्या चार्जरलाही ती येत असणार. पण बोलणारी बाई जागी व्हायच्या आधीच ती येत होती, आणि अल्कानं पाहिली तरी इंग्रजी म्हणून सोडून दिली होती.

मग खुमेंद्रनंच केवळरामला उलगडून सांगितलं. बाहेरच्या नळीतून वीज येते आणि मधल्या पिनेतून चार्जर आपली ओळख सांगतो, की मी एवढी वीज देऊ शकतो. ओळख पटली नाही तर मशीन जोखीम घेत नाही. बॅटरी चार्ज करत नाही, आणि प्रोसेसरला एकदम खालच्या वेगावर बांधून टाकते. प्रोसेसर ठणठणीत होता, मदरबोर्डही. दोघांना वीज जपून खायचा हुकूम होता, एवढंच.

आता पिन असलेला चार्जर हवा होता. तो गोंदियाहून मागवायला तीन-चार दिवस लागणार होते, आणि शुक्रवार परवावर आला होता. खुमेंद्रला आठवलं, की जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या योगेश्वरी पटले मॅडमकडे याच जातीचा लॅपटॉप आहे. तो मोटरसायकलवर केवळरामला मागे बसवून शाळेत घेऊन गेला. मॅडमचा वर्ग चालू होता. मुलांना पाढे लिहायला लावून त्या व्हरांड्यात आल्या, सगळं ऐकलं आणि कपाटातून चार्जर काढून दिला. लॅपटॉप शाळेतच लावून पाहा म्हणाल्या.

टोक आत जाईना. खुमेंद्रनं जरा जोर लावला, तसा केवळरामनं त्याचा हात धरला.

"ढकलू नको. आत काहीतरी आहे. सुई तुटली तर ती गेली कुठं?"

खुमेंद्रनं मोबाइलची बत्ती लावून लॅपटॉपच्या भोकात पाहिलं. तुटलेली काडी आतच रुतून बसली होती. दोघं परत दुकानात आले. खुमेंद्रनं मोबाइल दुरुस्तीचा बारीक चिमटा घेतला, पण चिमट्याचं टोक सरकत होतं. काडी तीनदा निसटली. चौथ्यांदा मशीन उलटी धरून, केवळरामनं खालून बोटानं हलकेच टिचक्या मारल्या आणि खुमेंद्रनं चिमट्यानं ओढली, तेव्हा ती निघाली. तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढी. केवळरामनं ती तळहातावर घेऊन चाचपली आणि खुमेंद्रला परत दिली.

मॅडमचा चार्जर लावला. मशीन सुरू केली. दोन-चार क्षण काही नाही, आणि मग पंखा भुणभुणला. खुमेंद्रनं वेगाची खिडकी उघडली आणि आकडा वाचून दाखवला. दोन पॉइंट एकोणचाळीस. केवळरामनं इअरफोन कानात घातला आणि दहाही बोटांनी जे सुचेल ते टाइप करत सुटला. आवाज त्याच्या बोटांबरोबर पळत होता. त्यानं मान खाली घातली आणि बराच वेळ तसाच टाइप करत राहिला. खुमेंद्र बाहेर जाऊन दोन चहा सांगून आला.

मजुरी घ्यायला खुमेंद्र तयार नव्हता. मी तुमची चांगली मशीन चार दिवस खोलून बसलो, असं म्हणाला. केवळरामनं म्हटलं, घे, पंख्यातली धूळ तर तू खरीच काढली. त्यावर दोघं हसले, आणि त्यानं अर्धी घेतली. नवा चार्जर गोंदियाहून सोमवारी आला, तोवर मॅडमनी आपला राहू दिला.

रुक्माबाई गुरुवारी आली. बाकावर बसली, आणि केवळरामनं सगळा अर्ज पहिल्यापासून पुन्हा टाइप केला. या वेळी त्यानं इअरफोन काढून ठेवला, आवाजाचा वेग उतरवला आणि मशीनला सगळा अर्ज मोठ्यानं वाचायला लावलं, म्हणजे जिचा अर्ज आहे तिलाही ऐकू यावा. अल्का कागद हातात घेऊन सोबत वाचत होती. 'माझे पती बिसराम हे दिनांक अकरा जानेवारी दोन हजार तेरा रोजी मयत झाले आहेत,' हे वाक्य आलं तेव्हा रुक्माबाईनं पदर सारखा केला.

"ही बाई त्याइचं नाव बरोबर नाई घेत," ती म्हणाली. "पन घेतलं."

केवळरामच्या सांगण्यावरून अल्कानं तिला कागदावर अंगठा कुठं उठवायचा ते दाखवलं, आणि मग अल्का स्वतः तिला घेऊन कचेरीत गेली. अर्ज शुक्रवारच्या बैठकीत आला. मंजूर व्हायला मे महिना उजाडला, पण झाला.

पुढची चार-पाच वर्षं केवळराम त्याच टपरीत त्याच मशीनवर अर्ज करत राहिला. त्याच्या कामात त्यानं एक बदल केला. कोणताही अर्ज छापायच्या आधी तो आवाज मोठा करून अर्जदाराला ऐकवायचा. त्यात वेळ जायचा. घाईतले लोक कुरकुरायचे. पण बहुतेक जण, विशेषतः म्हाताऱ्या बाया, मान डोलावत ऐकायच्या, आणि कोणी कोणी मध्येच थांबवून म्हणायचं, असं नाही बाबू, असं लिही. खुमेंद्रच्या दुकानात एखादी मशीन अडली की तो कधीकधी ती घेऊन टपरीत यायचा, टेबलावर ठेवायचा आणि केवळरामला तिच्या पोटाखाली हात धरायला सांगायचा. दर वेळी काही निघायचं असं नाही. कित्येकदा केवळराम थोडा वेळ हात धरून बसायचा आणि म्हणायचा, "नाई, मले काई समजून नाई राहिलं," आणि खुमेंद्र मशीन उचलून घेऊन जायचा.